जुने चाहते, जुना संग्रह: अनुभव लिहा

गंगाघाट: बुधवारच्या बाजारात रद्दीत बिनाका गीतमालेच्या (हिंदी गाण्यांची क्रमवारी सांगणारा रेडिओ कार्यक्रम) याद्यांची वही दिसली. 1952 पासून बुधवारी रात्री आठला रेडिओ सिलोन लावणारी ती पिढी. साठी उलटली तरी गल्लीत ओळख 'रफीवाला', 'लताभक्त' अशीच. हा संग्रह आणि कान, दोन्ही सांभाळायचे कसे?

टेपवाला: पावसाळ्यात टेपच्या कडेला पांढरे ठिपके दिसले की बुरशी. ती कॅसेट लावूच नका. बुरशी हेडवर (प्लेअरमध्ये टेप जिथे घासत वाजते तो भाग) बसते, मग पुढच्या कॅसेटींनाही लागते. आवाज दबला तर हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. एकाच कॅसेटचा आवाज बारीक येतो? आतला फेल्टचा तुकडा गळालाय का बघा. स्क्रूची कॅसेट उघडून दुसरा बसवता येतो. सी-60ची (60 मिनिटांची) टेप सी-90पेक्षा जाड, कमी गुंतते.

द्राक्षबाग: द्राक्षांवर डावणी रोगाची फवारणी चालूये, रात्री वाचतो. रफी > किशोर. बास.

पंचवटीकर: झालं, पेटवली याने 😄 बरं, 78च्या (मिनिटाला 78 फेरे) लाखेच्या रेकॉर्डला अल्कोहोल अजिबात नको, लाख विरघळते! आणि एलपीची बारीक सुई त्यावर लावू नका, खाचेच्या तळाशी घासून खरखरते.

सिडकोची ताई: "लता पूर्वीसारखी ऐकू येत नाही" म्हणणाऱ्या काकांची रेकॉर्ड ठीक असते. वयानं बारीक, वरचे आवाज आधी जातात. श्रवणयंत्र बोलण्यासाठी बेतलेलं. शिट्टी दाबणारी सोय बासरीचा लांब सूरही शिट्टी समजून कापते. ऑडिओलॉजिस्टकडे संगीताचा वेगळा प्रोग्रॅम मागा, त्यात ही सोय बंद किंवा कमी करून घ्या. तपासायला नेहमीचीच गाणी न्या, त्यातला फरक लगेच कळतो.

गंगाघाट: हे माहीतच नव्हतं ताई!

जुनी वही: वही लॅमिनेट करू नका, नंतर सुटत नाही. फ्लॅश बंद, खिडकीच्या उजेडात फोटो काढा, समासासकट. यादी कुठेही मिळेल हो. 'यंदा रफीवर अन्याय' असे समासातले शेरे कुठून आणणार?

द्राक्षबाग: बघा, वहीसुद्धा माझ्याच बाजूने.

नवखा: ते आयसो काय ते मेडिकलमध्ये मिळतं का?

टेपवाला: मोबाइल रिपेअरिंगच्या सामानाच्या दुकानात विचारा, 99 टक्क्यांचं. सॅनिटायझर नको, बहुतेकांत ग्लिसरीन असतं, हेड चिकट होतो.