१६ संघ, २० पीसी, दोन दिवस: बेळगावात मेजरसारखी स्विस पद्धत बसेल का?

टिळकवाडी_क्लच

नमस्कार मंडळी. दिवाळीनंतरच्या एका शनिवार-रविवारी बेळगावात काउंटर-स्ट्राइक २ या पाच विरुद्ध पाचच्या नेमबाजी गेमची लॅन (एकाच हॉलमधल्या नेटवर्कवरची) स्पर्धा घ्यायचं ठरतंय. १६ संघ आहेत: शहरातले सात, बाकीचे निपाणी, चिकोडी, खानापूर, गोकाक, हुक्केरी, शिवाय चंदगड-गडहिंग्लजकडचे. हॉल दोन दिवस आणि पीसी २०, म्हणजे एकाच वेळी दोन सामने.

आपल्याकडे टेनिस बॉल क्रिकेटपासून सगळीकडे सरळ नॉकआउट लावतात. निपाणीची पोरं सत्तर-पंचाहत्तर किलोमीटर येणार, तासाभरात हरणार आणि परत जाणार. हे टाळायचं आहे. युरोपातल्या मेजर (या गेमच्या सर्वांत मोठ्या) स्पर्धांत स्विस पद्धत असते, त्यात प्रत्येक संघाला किमान तीन सामने मिळतात. बुडापेस्टच्या मेजरमध्येही तीच होती. प्रश्न तीन: जोड्या नेमक्या कशा लावतात, एकूण सामने किती होतात, आणि हे २० पीसीवर दोन दिवसांत बसतं का?

---

जोड_लावणारा

आधी शब्द ठरवूया, नाहीतर गोंधळ होतो. स्विसमधल्या टप्प्याला ‘फेरी’ म्हणतो, गेममधल्याला ‘राउंड’.

स्विस समजायला आपल्या जत्रेतलं कुस्तीचं मैदान डोळ्यासमोर आणा. तिथं तोडीस तोड बघून जोड लावतात, हलक्याला थोराच्या अंगावर सोडत नाहीत. स्विसही प्रत्येक फेरीनंतर नव्याने जोड लावते: जिंकलेला जिंकलेल्याशी, हरलेला हरलेल्याशी. तीन विजय झाले की पुढे, तीन पराभव झाले की बाहेर. मूळ पद्धत बुद्धिबळातली, १८९५ सालची, झ्युरिकची. काउंटर-स्ट्राइकच्या मेजरमध्ये ती २०१७ च्या अटलांटा मेजरपासून आली. त्याआधी चार-चारचे गट असायचे. लीग ऑफ लेजंड्स या दुसऱ्या गेमच्या जागतिक स्पर्धेने ती २०२३ मध्ये घेतली, आणि २०२४ चा स्विस टप्पा बर्लिनच्या रायट गेम्स अरेनात झाला.

१६ संघांचा हिशेब: पहिली फेरी ८ सामने, दुसरी ८, तिसरी ८, चौथी ६, पाचवी ३. एकूण ३३. शेवटी दोन संघ ३-० ने, तीन ३-१ ने आणि तीन ३-२ ने पुढे जातात. हे आठ बादफेरीत.

पहिल्या फेरीला मानांकन लागतं. युरोपातल्या संघांना गेम बनवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीची क्रमवारी असते, आपल्याकडे ती नाही. पाचही खेळाडूंच्या प्रीमियर रेटिंगची (गेममध्येच मिळणारे गुण) सरासरी काढा आणि १ ते १६ लावा. मग १ विरुद्ध ९, २ विरुद्ध १०, असं ८ विरुद्ध १६ पर्यंत.

दुसऱ्या फेरीपासून सारखे विजय-पराभव असलेल्यांच्या गटातला क्रम ‘काठिण्य गुणां’वर ठरतो. बुद्धिबळात याला बुकहोल्ट्झ म्हणतात. तुम्ही ज्यांच्याशी खेळलात त्या प्रत्येकाचे विजय वजा पराभव काढायचे आणि बेरीज करायची. समजा दोन फेऱ्या झाल्या.

निपाणीने खानापूरला हरवलं, मग टिळकवाडीकडून हार खाल्ली. टिळकवाडी आता २-०, म्हणजे +२. खानापूरने दुसरा सामना जिंकला, म्हणून १-१, शून्य. निपाणीचे गुण +२.

चिकोडी पहिला सामना शहापूरशी हरली (शहापूर आता २-०, +२), दुसरा गोकाकशी जिंकली (गोकाक ०-२, म्हणजे −२). बेरीज शून्य.

चंदगड ज्यांच्याशी हरलं ते आता १-१, ज्यांना हरवलं ते ०-२. बेरीज −२.

तिघेही १-१, पण निपाणीची वाट जास्त अवघड होती, म्हणून ती वर. गुण सारखे झाले तर मूळ मानांकन बघायचं. मग गटातल्या सगळ्यात वरच्याला सगळ्यात खालचा द्यायचा. एकच बंधन: आधी खेळलेली जोडी पुन्हा लावायची नाही. चौथ्या-पाचव्या फेरीत सहा-सहाचे गट उरतात. तिथं आधी १-६, २-५, ३-४ बघा. त्यात जुनी जोडी आली तर १-६, २-४, ३-५.

हे कागदावर करू नका, स्प्रेडशीट करा. हाताने केलं की हमखास होणारी चूक सांगतो: काठिण्य गुण मागच्या फेरीला होते तेच धरले जातात. तुमच्या जुन्या प्रतिस्पर्ध्याने आज सामना जिंकला की तुमचेही गुण बदलतात. दर फेरीला सगळं नव्याने मोजायचं.

---

गट_आणि_बाद

दादा, पद्धत बरोबर सांगितलीत, पण वेळेचं गणित करूया. तेच आडवं येणार.

एका मॅपला (एका मैदानावरच्या गेमला) २४ राउंड, त्यात १३ जिंकायचे. राउंड १ मिनिट ५५ सेकंदांचा, बॉम्ब लागला तर वर ४० सेकंद, शस्त्रखरेदीला २० सेकंद. चुरशीचा मॅप पाऊण तास सहज खातो. व्हेटो (नको ते मॅप काढून एक ठरवणं), वॉर्मअप, माउस-कीबोर्ड जोडणं धरून प्रत्येक सामन्याला एक तास धरा, त्याच्या खाली जाऊ नका.

मेजरमध्ये तीन स्विस टप्पे असतात, त्यातल्या पहिल्या दोनांत ज्या सामन्यावर पुढे जाणं किंवा बाहेर पडणं ठरतं तो तीन मॅपचा असतो. ३३ पैकी असे १३ होतात. तुमच्या २० पीसीवर एवढ्यालाच वीस तासांच्या वर लागतील, तेव्हा तो विचार सोडा. सगळे एक-मॅपचे धरले तरी दोन-दोनने फेऱ्यांना ४+४+४+३+२, म्हणजे १७ तास. वर बादफेरी: उपउपांत्य एक-मॅपचे २ तास, उपांत्य तीन-मॅपचे ३ तास, अंतिम ३ तास. एकूण २५. दोन दिवसांत बसत नाही.

शिवाय स्विसमध्ये एक अडचण मुळातच आहे. सगळे सामने संपल्याशिवाय पुढच्या फेरीच्या जोड्या लागत नाहीत. एका सामन्यात दोनदा ओव्हरटाइम (बरोबरीनंतरचे जादा राउंड) झाला की बाकीचे चौदा संघ हात बांधून बसतात.

म्हणून माझं मत: चार-चारचे चार गट करा, मेजरमध्ये २०१७ च्या आधी होते तसे. प्रत्येक गटात दोन पहिले सामने, मग विजेत्यांचा एक, पराभूतांचा एक, आणि शेवटी निर्णायक. गटाला ५, एकूण २० सामने, दहा तास, शनिवारी संपतं. रविवारी आठ तासांत बादफेरी. एक गट दुसऱ्यासाठी अडत नाही. साखळी तर विचारातच घेऊ नका. एलईसीमध्ये (लीग ऑफ लेजंड्सची युरोपातली लीग) दहा संघांची एकेरी साखळी म्हणजे ४५ सामने होतात आणि ते आठवडे चालतात. सोळांची साखळी १२० होईल.

---

टिळकवाडी_क्लच

दोघांचेही आभार. गटांचं गणित पटलं, पण त्यात किमान दोनच सामने मिळतात. शिवाय ड्रॉ वाईट निघाला तर एकाच गटात तीन तगडे संघ येतात. आमच्याकडे मानांकन ढोबळच असणार, म्हणून ती भीती जास्त.

स्विसच्या पहिल्या दोन फेऱ्या आधीच्या आठवड्यात ऑनलाइन घेतल्या तर? उरलेल्या तीन फेऱ्या नऊ तासांत होतात.

---

जोड_लावणारा

ते करू नका. ऑनलाइन दोन्ही हरलेला संघ ०-२ होऊन बेळगावला येईल आणि एका सामन्यात परत जाईल. जे टाळायला निघालात तेच होईल. घरून खेळताना कोण काय चालवतंय तेही तपासता येत नाही.

गटांवरचा तुमचा आक्षेप रास्त आहे. स्विसमध्ये वाईट ड्रॉ एका पराभवापुरता नडतो, पुढच्या फेरीत जोड बदलते. २०२३ च्या पॅरिस मेजरमध्ये गेमरलीजन ही टीम खालच्या चॅलेंजर टप्प्यातून वर आली आणि थेट अंतिम सामन्यात व्हिटॅलिटीसमोर उभी राहिली. २०२५ ला बुडापेस्टमध्ये फेझ पहिल्या टप्प्यापासून खेळत अंतिम सामन्यापर्यंत गेली, तिथं व्हिटॅलिटीने ३-१ ने हरवलं. दोघांनाही सावरायला फेऱ्या मिळाल्या.

तेव्हा दिवस वाढवू नका, पीसी वाढवा. आणखी दहा भाड्याने आणा. तीस झाले की एकदम तीन सामने, आणि फेऱ्यांना ३+३+३+२+१, म्हणजे बारा तास. शनिवारी सकाळी ९ ला सुरू केलं तर तिसरी फेरी संध्याकाळी ६ ला संपते. तोवर सगळ्या सोळा संघांचे तीन सामने झालेले असतात. चौथी ६ ते ८. रविवारी पाचवी फेरी एक तास, उपउपांत्य दोन, उपांत्य तीन, अंतिम तीन. नऊला सुरू, सहाला बक्षीस.

सामन्यांचा क्रम लावताना लांबच्यांचा विचार करा. तिसऱ्या फेरीत ०-२ वाल्यांचे दोन्ही सामने पहिल्या तासात लावा. चौथ्या फेरीत १-२ वाल्यांचे तीन सामने एकदम ६ ला, आणि २-१ वाल्यांचे ७ ला. बाहेर पडणारा संघ ७ ला मोकळा होतो, चिकोडी-निपाणीला रात्री फार उशिरा पोचत नाही.

तीस पीसी जमलेच नाहीत तर मात्र वरच्या भावांचे गट घ्या. वीसवर स्विस ओढून-ताणून बसवू नका, रविवारची अंतिम लढत मध्यरात्री जाईल.

मॅपच्या व्हेटोला मेजरचाच नियम ठेवा. सात मॅप. वरच्या मानांकनाचा संघ ‘अ’ व्हायचं की ‘ब’ ते ठरवतो. एक-मॅपच्या सामन्यात अ दोन काढतो, ब तीन काढतो, अ एक काढतो. उरलेल्यावर खेळ, बाजू (हल्ला की बचाव) ब निवडतो. प्रत्येक निर्णयाला ३० सेकंद, आणि अ‍ॅडमिनने घड्याळ हातात धरून उभं राहायचं. व्हेटोवर दहा-दहा मिनिटं जातात ती तिथं कुणी नसतं म्हणून.

---

कॅट_सिक्स

पद्धत ठरली असेल तर आता वायर आणि विजेचं बघा. लॅन अडते ती तिथं.

एक पीसी मॉनिटरसकट खेळताना ३५०-४०० वॅट घेतो. तीस म्हणजे साधारण १२ किलोवॅट. १६ अँपिअरच्या एका लाइनवर सहाच पीसी लावा, म्हणजे पाच वेगळ्या लाइन. हॉलमधले पाच सॉकेट म्हणजे पाच लाइन नव्हेत, ते बऱ्याचदा एकाच एमसीबीवर (लाइन तोडणाऱ्या स्विचवर) असतात. वायरमनला घेऊन आदल्या दिवशी एकेक एमसीबी पाडून बघा, कुठला सॉकेट मरतो ते. पंखे आणि साउंड सिस्टीम वेगळ्या लाइनवर.

जनरेटर असला तरी तो सुरू होईपर्यंत पीसी बंद पडतातच. म्हणून यूपीएस पहिल्यांदा सर्व्हर, स्विच आणि राउटरला. सर्व्हर जिवंत राहिला तर दर राउंडची बॅकअप फाइल त्याच्याकडे असते, त्याच राउंडपासून तोच स्कोअर आणि गेममधले तेच पैसे घेऊन सामना पुढे चालतो. ती फाइल परत चढवायचा सराव अ‍ॅडमिनने आदल्या रात्री दोनदा करावा. दहा खेळाडू बघत असताना आज्ञा शोधत बसायची वेळ येऊ नये.

वाय-फाय अजिबात नको. कॅट-६ केबल, ४८ पोर्टचा गिगाबिट स्विच, सर्व्हर त्याच स्विचला. इंटरनेट लागतं ते स्टीमच्या (गेम ज्यातून चालतो त्या अ‍ॅपच्या) लॉगिनला, खेळ आतल्या आत चालतो. गेमला स्टीम ८५ जीबी जागा मागतं. तीस पीसीवर वेगवेगळं डाउनलोड करत बसू नका, एकावर उतरवा आणि स्टीमच्या लोकल नेटवर्क ट्रान्सफरने बाकीच्यांवर घ्या.

शुक्रवारी रात्री प्रत्येक पीसीवर सातही मॅप एकदा उघडून फिरून घ्या. पहिल्यांदा मॅप उघडला की गेम शेडर (चित्र काढणारे छोटे प्रोग्रॅम) तयार करत असतो आणि मध्येच अडखळतो. पहिल्या सामन्यात तसं झालं की खेळाडू पीसी बदलून मागतात. शनिवारी सकाळी अपडेट आलंय का बघा. सर्व्हरची आणि पीसीची आवृत्ती वेगळी असली तर जोडताच येत नाही.

आणि खेळाडूंना आधीच कळवा: स्टीम गार्डचा (लॉगिनचा कोड देणारा) मोबाइल चार्ज करून आणा, पासवर्ड पाठ करून या. सकाळचा पहिला अर्धा तास यातच जातो.

---

साइट_बी

प्रेक्षकांबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. हॉल एकच असेल तर मोठा पडदा खेळाडूंच्या पाठीमागे हवा, आणि त्यावरचं प्रक्षेपण किमान ९० सेकंद उशिरा. नाहीतर “मागून आला रे!” अशी एक आरोळी राउंड फिरवते. ऑब्झर्व्हरचा (प्रक्षेपणासाठी खेळ टिपणाऱ्याचा) पीसी विनाविलंब चालतो, त्याचा मॉनिटर भिंतीकडे तोंड करून ठेवा. हेडफोन कान पूर्ण झाकणारेच.

प्रशिक्षकाला सर्व्हरमध्ये घेऊच नका, मागे उभं राहू दे, आणि बोलणं फक्त टाइमआउटमध्ये. संघाला ३० सेकंदांचे तीन टाइमआउट पुरतात. २०२० मध्ये प्रशिक्षकांना मॅपवरचा भलताच कोपरा दाखवणारा बग सापडला आणि ३७ प्रशिक्षकांवर बंदी आली, त्यात युरोपातले नामवंत होते. गावच्या स्पर्धेतही ती फट ठेवायची गरज नाही.

पेनड्राइव्ह बंद. माउस-कीबोर्ड स्वतःचे चालतील, पण अ‍ॅडमिनने समोर उभं राहून जोडून घ्यावेत, सेटिंगची फाइल अ‍ॅडमिनकडे आधी मेलने यावी. २०१८ मध्ये शांघायच्या स्पर्धेत ऑप्टिक इंडियाचा खेळाडू चीट (फसवणुकीचा प्रोग्रॅम) चालवताना सापडला तो लॅनवरच. लॅन आहे म्हणून निर्धास्त राहू नका.

---

टिळकवाडी_क्लच

तीस पीसी आणि स्विस, असं ठरवतो. आणखी दहा पीसीची सोय करतोय. ती पंधरा दिवस आधीपर्यंत पक्की झाली नाही तर चार गट. संघांना पाठवायच्या नियमपत्रात दोन्ही वेळापत्रकं आत्ताच छापतो, म्हणजे ऐनवेळी कुणाची तक्रार नको. शुक्रवारी हॉल दुपारपासून मिळेल का तेवढं आता विचारून घेतो. वायरमन आणि शेडरसाठी तो अर्धा दिवस लागणारच.