मदत हवी आहे: भाऊ सुईने नशा करतो, आज आईला त्याची सुई टोचली

नमस्कार. नेहमीच्या आयडीने हे लिहिता येणार नाही म्हणून नवा आयडी घेतला आहे, समजून घ्या.

आम्ही ठाण्याच्या पुढे राहतो. आई, बाबा, मी आणि धाकटा भाऊ, वय २६. तो काही वर्षांपासून ब्राऊन शुगर घेतो. आधी पन्नीवर ओढायचा, गेल्या दिवाळीपासून सुईने घेतो. कमी मालात भागतं म्हणून, असं त्यानेच सांगितलं. मध्यंतरी व्यसनमुक्ती केंद्रात ठेवलं होतं. बाहेर आल्यावर थोडे दिवस बरा होता, मग पुन्हा तेच.

आज सकाळी आई त्याची जीन्स धुवायला टाकत होती. खिसे रिकामे करायला हात घातला आणि टोपण नसलेली सुई तिच्या बोटात घुसली. रक्त आलं. तिने बोट तोंडात घातलं, मग हळद दाबली आणि पुढच्या कामाला लागली. मला ऑफिसातून आल्यावर कळलं. "टाचणी लागते तसं झालं गं," एवढंच म्हणते. भावाला विचारलं तर म्हणाला, सुई माझीच आहे, पण परवा स्टेशनच्या मागे दोघांनी तीच वापरली होती. दुसरा कोण, त्याला काही आजार आहे का, हे त्याला माहीत नाही. स्वतःची एचआयव्ही तपासणी कधी केलीस का म्हटलं तर गप्प बसला.

बाबांचं म्हणणं आहे, एक तर त्याला घराबाहेर काढा, नाही तर चार माणसं लावून उचलून केंद्रात टाका. मला दोन्ही पटत नाही. तो नशा कधी सोडेल हे आज कुणीच सांगू शकत नाही. पण तोवर त्याला एचआयव्ही लागू नये यासाठी काही करता येतं का? कोऱ्या सिरिंज घरात आणून ठेवल्या तर? एका केमिस्टकडे गेले होते, त्याने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि "नाही मिळणार" म्हणाला. सरकारतर्फे सुया देतात असं ऐकलं, ते खरं आहे का? भावाच्या खिशात सुई सापडली तर पोलीस धरतील का? आणि सगळ्यात आधी, आईचं काय करू?

गवतीचहा:
ताई, मी सरकारी रुग्णालयात परिचारिका आहे. बाकीचं नंतर वाचा, आधी आईला घेऊन निघा. सकाळच्या ओपीडीची वाट पाहू नका, आत्ताच अपघात विभागात जा आणि स्पष्ट सांगा: नशेसाठी वापरलेली सुई टोचली आहे, पीईपी हवं आहे. एचआयव्ही शरीरात ठाण मांडण्याआधी त्याला अडवायच्या या गोळ्या. ७२ तासांच्या आत सुरू व्हाव्या लागतात आणि त्या ७२ तासांतही जितक्या लवकर तितकं उत्तम. रोज घ्यायच्या, सलग २८ दिवस. आईला मधुमेहासाठी मेटफॉर्मिन चालू असेल, किंवा कॅल्शियम-लोहाच्या गोळ्या असतील, तर डॉक्टरांना आठवणीने सांगा. या औषधांत बहुधा डोल्युटेग्राविर असतं, त्याचं यांच्याशी जमवून घ्यावं लागतं.

जखम पिळू नका, तोंडात धरू नका, स्पिरिट किंवा डेटॉल ओतू नका. साबण आणि वाहतं पाणी, बस.

घाबरून जाऊ नका म्हणून आकडा सांगते. सुई एचआयव्ही असलेल्या माणसाच्या रक्ताची असली तरी हजार टोचण्यांमागे साधारण ३ जणांना लागण होते. हेपॅटायटिस बी मात्र कितीतरी पटीने सहज लागतो, लस घेतलेली नसेल तर शंभरात ३० पर्यंत. म्हणून त्याच्या लशीचंही तिथेच विचारा. आज आईची जी टेस्ट करतील ती तिची आधीची स्थिती दाखवेल, आजच्या टोचण्याचा निकाल तिच्यातून कळणार नाही. पुढच्या तपासण्या ठरलेल्या तारखांना करायलाच हव्यात, तीन महिन्यांची तर चुकवूच नका.

पारिजात_६४:
मुली, तुझी तळमळ कळते, पण घरात सुया आणून द्यायच्या म्हणजे आपणच व्यसनाला खतपाणी घालायचं. माझ्या पुतण्याला आम्ही असंच सांभाळून घेत गेलो आणि तो हातचा गेला. कडक व्हा. वडील बरोबर बोलताहेत.

वेशीपाशी:
पारिजातकाका, तुमच्या घरात जे झालं त्याचं फार वाईट वाटलं. तरीही मला वेगळं सांगायचं आहे, कारण मी कैक वर्षं याच कामात आहे. सुईने नशा करणाऱ्यांसाठीच्या प्रकल्पात आउटरीचचं काम करतो.

सुई मिळाली नाही म्हणून कुणी नशा थांबवलेली मी पाहिलेली नाही. टर्की लागलेला, म्हणजे नशा न मिळाल्याने तडफडणारा माणूस, अंग मोडून येतंय, नाकाडोळ्यांतून पाणी वाहतंय, पोटात गोळे येताहेत, तो कोरी सुई शोधत बसत नाही. शेजारच्याची घेतो. मणिपूरमध्ये १९८९-९० च्या सुमारास हेच झालं. सिरिंज मिळायची मारामार, जवळ सापडली तर पोलिसांची भीती, त्यामुळे एकच सुई अनेकांत फिरायची. बघता बघता सुईने नशा करणाऱ्यांत एचआयव्हीचं प्रमाण निम्म्याच्या घरात गेलं. आजही देशात प्रौढांमध्ये हे प्रमाण ०.२ टक्क्यांच्या आसपास आहे, आणि २०२१ च्या सरकारी पाहणीत सुईवाल्यांमध्ये ९ टक्क्यांच्या आसपास. व्यसन सुटायला वेळ लागतो, चार वेळा सुटून पाचव्यांदा लागतं. तेवढ्या काळात एचआयव्ही झाला तर व्यसन सुटल्यावरही तो सोबत राहतो.

ताई, सुया मिळतात हे खरं आहे. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संस्थेच्या म्हणजे नाकोच्या मदतीने चालणारे प्रकल्प आहेत. आमची मुलं, त्यांतली बरीच स्वतः या नशेतून गेलेली, रोज ठरलेल्या जागी जातात. पुलाखाली, यार्डाच्या भिंतीलगत. पाठीवरच्या पिशवीत कोऱ्या सुया-सिरिंज, स्पिरिटचे बोळे, कंडोम आणि वापरलेल्या सुया टाकायला जाड प्लास्टिकचा डबा. कुणाच्या दंडावर गळू झालेलं असतं, तिथेच फुटपाथवर बसून ड्रेसिंग करतात. हे सगळं फुकट आहे. १०९७ वर फोन करा, तोही फुकट आहे. तुमच्या भागातला प्रकल्प आणि तपासणी केंद्र ते सांगतील.

भावाला एक गोष्ट नीट समजावा. सुई स्वतःची असून भागत नाही. पावडर विरघळवायचं झाकण, पाणी, गाळायचा कापूस, हे वाटून घेतलं तरी रक्त एकाचं दुसऱ्यात जातं. हेपॅटायटिस सी असाही येतो. त्याला लस नाही, पण गोळ्यांनी तो पूर्ण बरा होतो, साधारण १२ आठवड्यांत, आणि २०१८ पासून सरकारी योजनेत उपचार मोफत आहेत. त्यामुळे तपासणीला गेला की एचआयव्हीबरोबर बी आणि सी दोन्ही करून घ्या.

माझ्या मते तुमच्या भावासाठी मोठी गोष्ट ओएसटी आहे, म्हणजे नशेच्या जागी देखरेखीखाली दिलं जाणारं औषध. ब्युप्रेनॉर्फिनची गोळी, केंद्रावर नर्ससमोर जिभेखाली विरघळवायची. टर्की येत नाही, सुईची गरज पडत नाही, माणूस कामावर जाऊ शकतो. लोक म्हणतात, एक नशा सोडून दुसरी दिली. मी या गोळीवर लग्न झालेली, रिक्षा चालवणारी, पोरांना शाळेत सोडणारी माणसं रोज पाहतो. एचआयव्ही रोखण्यात कोऱ्या सुईइतकाच हिचा हात आहे.

आता उचलून नेण्याबद्दल. कृपा करून तसं करू नका. जबरदस्तीने कोंडलेला मुलगा बाहेर आला की शरीराची सवय मोडलेली असते आणि तो मात्र जुनाच डोस घेतो. आमच्याकडचे किती मृत्यू सुटून आल्यानंतरच्या पहिल्या काही दिवसांत झालेत. कधी ओठ निळे पडले, श्वास मंद झाला, हाक मारून उठेना, तर तोंडावर पाणी मारत बसू नका. कुशीवर वळवा, १०८ लावा आणि काय घेतलंय ते खरं सांगा. नॅलोक्सोन नावाचं इंजेक्शन वेळेत मिळालं तर माणूस परत येतो.

तळटीप:
पोलिसांबद्दल. एचआयव्ही आणि एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा, २०१७. तो १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्याच्या कलम २२ मध्ये नोंदणीकृत प्रकल्पातून कोरी सुई देणाऱ्या आणि घेणाऱ्या, दोघांनाही संरक्षण आहे. ओएसटीचाही तिथे उल्लेख आहे. जवळ अमली पदार्थ सापडला तर मात्र हे कलम कामाला येणार नाही, तो गुन्हा वेगळा. संरक्षण प्रकल्पाच्या सुयांना आहे, म्हणून त्या तिथूनच घ्याव्यात. भावाची तपासणी त्याच्या संमतीशिवाय करता येत नाही आणि निकाल गुप्त ठेवणं केंद्रावर बंधनकारक आहे, हेही त्याला सांगा. बरेच जण या भीतीनेच जात नाहीत.

धागाकर्ती:
सगळ्यांचे मनापासून आभार. त्याच रात्री गेलो, आईच्या गोळ्या सुरू झाल्या. मळमळतं, पण जेवणानंतर घेते आहे. हेपॅटायटिस बीच्या लशीचा पहिला डोसही दिला.

भावाला ओरडले नाही. आईच्या बोटाचं कळल्यापासून तोच हादरला आहे. टोपण घट्ट बसणारी जाड प्लास्टिकची बरणी त्याच्या खोलीत ठेवली, सुया आता तिच्यातच टाकतो. १०९७ वरून प्रकल्पाचा पत्ता मिळाला. तिथला एक मुलगा त्याला स्टेशनबाहेर चहाच्या टपरीवर भेटला. तपासणीला "बघू" म्हणतो, पण त्या मुलाचा नंबर त्याने स्वतःहून सेव्ह केला. बाबा अजून माझ्याशी बोलत नाहीत. पारिजातकाका, तुमच्यावर राग नाही. तुमच्या पुतण्याबद्दल वाचून मला रडू आलं.

आता एकच अडलंय. भाऊ गोदामात रात्रपाळीला जातो आणि ओएसटी केंद्राची वेळ सकाळची आहे असं कळलं, तेव्हा तो नेमका झोपलेला असतो. नोकरी सांभाळून रोज केंद्रावर जाणारं कुणाच्या घरात आहे का? काही दिवसांच्या गोळ्या घरी नेऊ देतात का, आणि त्यासाठी कुणाशी बोलावं लागतं?