शिक्षण परिषदेत आधी भाषण की आधी मुलाची वही?

माळावरची शाळा (मूळ धागा)

जिल्हा परिषदेच्या शाळेत नोकरीला २१ वर्षं झाली. केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेला मी कधी दांडी मारलेली नाही. आपल्यासारखंच रोज वर्गात उभं राहणाऱ्या माणसांना भेटायची ती एकच हक्काची जागा आहे. म्हणूनच ती वाया जाते तेव्हा जीव तुटतो.

मागच्या वेळी मी घड्याळ समोर ठेवून वहीत टिपलं. साडेबाराची परिषद एक वाजून दहा मिनिटांनी सुरू झाली. दीपप्रज्वलन, ईशस्तवन, स्वागतगीत, सत्कार, प्रास्ताविक यांत ३५ मिनिटं गेली. यू-डायस (शाळेची ऑनलाइन माहिती), आधार, पोषण आहाराच्या नोंदी, कुणाची लिंक भरायची राहिली, यात ५०. मग अध्ययन निष्पत्तीवर, म्हणजे कुठल्या इयत्तेत मुलाला काय यायला हवं त्यावर, ४५ मिनिटं पीपीटी, पडद्यावरची ओळ न् ओळ वाचून. चर्चेला सात मिनिटं उरली. त्यात एका सरांनी विचारलं, "मधे शून्य आलं की तिसरीतली मुलं वजाबाकीत अडकतात. तुम्ही काय करता?" चाळीस शिक्षक बसलेले होते. कुणी तोंड उघडायच्या आत आभार सुरू झाले.

माझं म्हणणं एवढंच आहे की परिषद त्या सरांच्या प्रश्नापासून सुरू व्हावी. सूचना लेखी पाठवा, सत्कार वर्षातून एकदा करा. शिक्षकांनी येताना मुलांच्या वह्या आणाव्यात, पाच-सहा जणांच्या गटात बसून त्या बघाव्यात, आणि उद्या वर्गात काय करून बघायचं ते ठरवून उठावं. पुढच्या महिन्यात पहिला विषय हाच: करून बघितलं का, काय झालं?

साधनव्यक्ती

मॅडम, तुमची तळमळ समजते, पण मी साधनव्यक्ती, म्हणजे शिक्षकांना मार्गदर्शन करणारा, टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसतो म्हणून लिहितो. लेखी सूचनांचं काय होतं ते मला विचारा. सकाळी ग्रुपवर पत्र टाकलं की संध्याकाळपर्यंत त्याच पत्रातली तारीख विचारायला दहा फोन येतात. तोंडी सांगितलं तर निदान "माहीत नव्हतं" हे उत्तर राहत नाही.

आणि मोकळी चर्चा म्हणजे ज्याचा आवाज मोठा त्याची परिषद. बदल्या, निवडणुकीची कामं, जुनी पेन्शन यावर गाडी जाते. प्रश्न खरे आहेत, पण ते सोडवायची ती जागा नव्हे. २०२१ मध्ये केंद्र सरकारचं निपुण भारत अभियान आलं. तिसरीअखेर मूल समजून वाचेल आणि आकडेमोड करेल, हे त्याचं लक्ष्य. त्याचा अर्थ प्रत्येक शाळेत एकसारखा पोचायला हवा. तो आपापल्या वह्या बघून पोचत नाही, कुणीतरी उभं राहून नीट मांडावाच लागतो. पीपीटी वाचून दाखवणं चूक आहे, हे मान्य. पण एकाने वाईट भाषण केलं म्हणून भाषणच नको, हे पटत नाही.

गणितवाली

त्या सरांचा प्रश्न उरला ना, तो घेऊनच बोलते.

५०३ वजा २७८. माझ्या वर्गात याची तीन चुकीची उत्तरं आली. एकीने ३७५ लिहिलं. ती प्रत्येक घरात मोठ्यातून लहान वजा करते: ८ मधून ३, ७ मधून ०, ५ मधून २. दुसऱ्याचं ३२५. त्याला शून्याचा नऊ होतो हे पाठ आहे, पण तो नऊ पाचशेतून आला, म्हणून पाचाचे चार झाले, हे माहीत नाही. तिसऱ्याचं २३५. त्याने शतक मोडून दहा दशक केले, त्यातला एक सुट्यांना दिला आणि दिल्याचं विसरून दहातूनच सात वजा केले.

तिघांच्याही वहीवर मी लाल फुली मारली होती आणि तिघांना तेच गणित तसंच पुन्हा समजावलं होतं. हे माझ्या लक्षात आणून दिलं शेजारच्या शाळेतल्या मॅडमनी, एसटीची वाट बघताना, थांब्यावर वही हातात घेऊन. त्या म्हणाल्या, ३७५ लिहिणाऱ्या मुलीला खेळातल्या नोटा दे: पाच शंभराच्या, तीन एकाची नाणी, आणि दुकानदाराला दोनशे अठ्ठ्याहत्तर द्यायला सांग. नोट मोडल्याशिवाय तिचं चालणारच नाही. दुसऱ्या दोघांना सांग की ५०३ म्हणजे ५० दशक आणि ३ सुटे. पन्नासातला एक दशक मोडला की ४९ उरतात. ४९ मधून २७ गेले, २२. तेरातून आठ गेले, ५. झाले २२५.

वीस मिनिटांत माझं वर्षभराचं अडलेलं सुटलं. हे परिषदेत का होत नाही?

दोनशिक्षकी

कारण थांब्यावर दोघीच होतात, मॅडम. परिषदेत चाळीस जण असतात आणि समोर अधिकारी बसलेले असतात.

मी या कल्पनेच्या विरोधात आहे. मुलाची वही म्हणजे शिक्षकाची वही. तिच्यातली चूक चारचौघांत उघडी पडली की ती मुलाची राहत नाही, "अमक्या शाळेची तिसरी कच्ची" असं होतं. मी एकदा प्रामाणिकपणे माझ्या वर्गाचे खरे अध्ययन स्तर सांगितले होते. पुढच्या भेटीत तेच कागद माझ्यासमोर ठेवून जाब विचारला गेला. त्यानंतर मी परिषदेत तोंड उघडत नाही.

शिवाय आमची शाळा दोन शिक्षकांची. आरटीईप्रमाणे (शिक्षण हक्क कायदा) साठ मुलांपर्यंत दोनच शिक्षक मिळतात, पहिली ते पाचवी मिळून. सकाळी शाळा, दुपारी परिषद, मग घर. वह्या निवडा, नोंदी काढा, हे करायचं कधी?

वरिष्ठ महाविद्यालयातून

मी प्राध्यापक आहे, तरी लिहितो, कारण आमच्या परिषदांचीही हीच गत आहे. २०१४ मध्ये फ्रीमन आणि सहकाऱ्यांनी २२५ अभ्यास एकत्र करून दाखवलं की नुसत्या व्याख्यानाच्या वर्गात नापास होण्याचं प्रमाण, मुलांना काही करायला लावणाऱ्या वर्गांपेक्षा दीडपट असतं. आपण वर्गात कृतीचा आग्रह धरतो आणि शिक्षकांना शिकवताना तासन् तास ऐकवत बसतो. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये शिक्षकाला वर्षाला किमान ५० तास व्यावसायिक विकासासाठी सांगितले आहेत. ते तास असेच जाणार असतील तर आकडा वाढवून काय मिळणार?

साधनव्यक्ती

सर, तो अभ्यास विज्ञान, अभियांत्रिकी, गणिताच्या पदवी वर्गांचा आहे. वीस वर्षं शिकवणाऱ्या माणसाला तो जसाच्या तसा लागू करू नये. मात्र दोनशिक्षकी मॅडमनी लिहिलं ते मला जास्त लागलं. खरे स्तर सांगणाऱ्याला जाब विचारला गेला असेल, तर तो आमच्या बाजूचा दोष आहे.

माळावरची शाळा

दोनशिक्षकी मॅडम, तुमच्या बाबतीत झालं ते वाईटच झालं. ती भीती घालवल्याशिवाय माझी कल्पना चालणार नाही, हे मला आधी लिहायला हवं होतं.

जपानमध्ये शिक्षक गटाने पाठ अभ्यासतात. चार-पाच जण मिळून एका पाठाचं टाचण, म्हणजे आराखडा, करतात, एक जण तो वर्गात घेतो, बाकीचे मागे बसून बघतात. ते मास्तरांना बघत नाहीत, मुलं कुठे अडतात ते बघतात. नंतरची चर्चा पाठावर होते. टाचण सगळ्यांचं असल्यामुळे फसलं तरी ते एकाच्या माथी येत नाही. आपल्याकडे साताऱ्याच्या कुमठे बीटमधल्या (शाळांच्या एका गटातल्या) शाळांत राज्यभरातून शिक्षक गाड्या करून गेले ते भाषण ऐकायला नव्हे, वर्ग बघायला. माणूस बघून शिकतो.

केंद्रप्रमुख (निवृत्त)

खुर्चीवर बसलो होतो म्हणून सांगतो. परिषदेचा विषय बऱ्याचदा वरून ठरून यायचा. झाल्यावर अहवाल आणि फोटो पाठवायचे असत. फोटोत दीपप्रज्वलन छान दिसतं, गटात बसून वही बघणारी माणसं पाठमोरी दिसतात. मी कित्येकदा फोटोसाठी कार्यक्रम आखला, याचं आज वाईट वाटतं.

शेवटच्या दोन वर्षांत एक केलं. पहिला तास मी स्वतः खोलीबाहेर बसायचो, ऑफिसात. शिक्षक आत. पहिल्या महिन्यात गप्पाच झाल्या. तिसऱ्या महिन्यापासून आतून फळ्यावर खडू चालल्याचा आवाज यायला लागला.

दोनशिक्षकी

अधिकारी बाहेर बसणार असतील, वहीवरचं मुलाचं आणि शाळेचं नाव झाकलेलं असेल, आणि त्या तासाची नोंद कुठल्याही अहवालात जाणार नसेल, तर मी वही आणीन. तिन्ही गोष्टी हव्यात, दोन चालणार नाहीत. आणि वह्या निवडायचं काम दरवेळी दोनशिक्षकी शाळेवर नको.

साधनव्यक्ती

मी बाहेर बसायला तयार आहे. वह्या बघून झाल्या की मला वीस मिनिटं द्या. जिथे सगळ्यांचं अडलं तेवढ्यावरच बोलेन, पीपीटी आणणार नाही. सूचना तोंडीच देणार, पण शेवटी, पंधरा मिनिटांत. यावरून मी मागे हटणार नाही.

माळावरची शाळा

पंधरा मिनिटं मान्य. पुढच्या परिषदेला पहिल्या वह्या माझ्या वर्गाच्या. नावांवर खाकी कागद चिकटवून आणते. गणितवाली मॅडम, ते ५०३ वजा २७८ मी उद्याच वर्गात देऊन बघते.