कोलेस्टेरॉल हे अर्धंच उत्तर

'कोलेस्टेरॉल आटोक्यात असेल तर हृदयाच्या धमन्यांची चिंता नको,' हा मुद्दा मला अपुरा वाटतो. एलडीएल म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉल धमनीच्या अस्तराखाली शिरतं हे खरंच. पण मग तिथे मॅक्रोफेज नावाच्या पांढऱ्या पेशी येतात, ती चरबी गिळून फुगतात आणि सूज धुमसत ठेवतात. या सुजेने चरबीच्या थरावरचं आवरण झिजून फाटलं की रक्ताची गुठळी होते. बरेचसे हार्ट अटॅक असेच येतात.

वयाचा संबंध इथे थेट येतो, आणि त्यावर फार कमी बोललं जातं. उतारवयात अस्थिमज्जेतल्या एखाद्या मूळ पेशीच्या टेट-२ सारख्या जनुकात बदल होतो आणि तिचीच पिलावळ रक्तात वाढत जाते. सत्तरीपुढच्या दहातल्या निदान एकात हे आढळतं. माणूस एरवी ठणठणीत असतो, पण टेट-२ बिघडलेल्या पेशी इंटरल्युकिन-१ बीटा हे सूज वाढवणारं प्रथिन जास्त बनवतात.

२०१७ च्या कॅन्टोस या औषधचाचणीत कॅनाकिनुमॅब या औषधाने नेमकं हेच प्रथिन रोखलं. एलडीएल तसूभरही न उतरता १५० मिग्रॅ डोसच्या गटात हार्ट अटॅक, पक्षाघात आणि हृदयविकाराने होणारे मृत्यू मिळून सुमारे १५ टक्क्यांनी घटले. मात्र जीवघेणे जंतुसंसर्ग वाढले, हेही सांगायला हवं. गाउट या सांध्यांच्या आजारावरचं, सूज कमी करणारं जुनं औषध कोल्चिसिन अर्धा मिलिग्रॅम डोसमध्ये अमेरिकेत २०२३ पासून हार्ट अटॅक आणि पक्षाघाताचा धोका कमी करण्यासाठी मंजूर आहे. मूत्रपिंड कमजोर असणाऱ्यांनी ते मनाने घेऊ नये, आणि कोणीही स्टॅटिन हे कोलेस्टेरॉल उतरवणारं औषध तर मुळीच बंद करू नये.