दोन वर्षं, एक जोडीदार आणि साडेसहाचा गजर: मॉर्मन मिशनमधून मुलं नेमकं काय शिकतात?

(ही चर्चा आहे; प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव दिलं आहे.)

उंबरठा

पांढरा शर्ट, टाय, छातीवर काळी नावपट्टी आणि कायम दोघं-दोघं. अमेरिकेतल्या बऱ्याच मराठी घरांच्या दारावर ही जोडी कधी ना कधी येऊन गेलेली असते. चर्चचं पूर्ण नाव 'द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स', मुख्यालय युटा राज्यात सॉल्ट लेक सिटीला. 'मॉर्मन' म्हणू नका असं चर्च २०१८ पासून सांगतं, पण आपल्याकडे ओळख त्याच नावाने आहे म्हणून इथे तेच वापरतो. जगभरात ७० हजारांहून जास्त तरुण धर्मप्रचाराच्या या कामावर, म्हणजे 'मिशन'वर आहेत. मुलांचं मिशन २४ महिन्यांचं, मुलींचं १८. किमान वय २०१२ मध्ये खाली आणलं: मुलांचं १९ वरून १८, मुलींचं २१ वरून १९. नोव्हेंबर २०२५ मध्ये मुलींचंही १८ केलं.

धर्मप्रचार पटो न पटो, कोवळ्या वयात स्वतःचा दिवस आखायला आणि आपण न निवडलेल्या माणसाबरोबर नीट राहायला शिकवणारी इतकी पक्की व्यवस्था दुसरीकडे क्वचितच दिसते, असं माझं मत आहे.

दिवस साधारण असा जातो. साडेसहाला उठायचं, अर्धा तास व्यायाम, अंघोळ, न्याहारी. मग तासभर स्वतःचा अभ्यास, त्यानंतर जोडीदाराबरोबर, म्हणजे कंपॅनियनबरोबर. परभाषेत काम असेल तर भाषेचा वेळ वेगळा. दहा-अकरापासून बाहेर, रात्री नऊच्या सुमारास खोलीवर, दुसऱ्या दिवसाची आखणी आणि साडेदहाला दिवे बंद. २०१७ पासून या वेळा थोड्या मागेपुढे करता येतात, पण उठण्या-झोपण्याचा कणा तोच आहे. आठवड्यातला एक दिवस, बहुतेक ठिकाणी सोमवार, 'पी-डे': कपडे धुणं, किराणा, केस कापणं, घरी पत्र. तोही संध्याकाळी सहापर्यंतच.

मला सगळ्यात मोलाची वाटते ती आठवड्याची आखणी. दोघं वही किंवा फोन घेऊन दोन-अडीच तास बसतात. भेटीतल्या प्रत्येक माणसाचं नाव घेऊन चार गोष्टी बघायच्या: मागच्या वेळी काय बोलणं झालं, त्याने काय करतो म्हटलं होतं, आता पुढे काय, आणि सोबत चर्चच्या स्थानिक सदस्यांपैकी कोणाला न्यायचं. प्रत्येक भेटीला पर्यायी काम लिहून ठेवायचंच, कारण ठरलेल्या भेटी सर्रास रद्द होतात. पर्याय नसला की दोघं रस्त्यावर उभे राहून 'आता काय' करत बसतात आणि दुपार वाया जाते. ही एक सवय लागली तरी आयुष्यभर पुरते.

सरळरेघ

वेळापत्रकाबद्दल दुमत नाही. पण ज्या जोडीदाराचं तुम्ही कौतुक करताय, त्या नियमाची दुसरी बाजूही लिहा. जोडीदार कायम नजरेच्या आणि हाकेच्या टप्प्यात हवा. न्हाणीघर सोडलं तर एकांत नाही. जोडी कोणाबरोबर लागणार आणि कोणत्या गावात, हे मिशन प्रेसिडेंट, म्हणजे त्या भागातल्या मिशनचे प्रमुख, ठरवतात. दर सहा आठवड्यांनी 'ट्रान्सफर' येते, तेव्हा जोडी बदलेल किंवा तीच राहील. नव्या मुलाला पहिले बारा आठवडे शिकवणारा 'ट्रेनर' स्वतः एकोणीस-वीस वर्षांचाच असतो. तक्रार करायची तर डिस्ट्रिक्ट लीडरकडे, म्हणजे जवळपासच्या काही जोड्यांच्या प्रमुखाकडे, तोही त्याच वयाचा. पहिल्या नावाने हाक नाही, फक्त एल्डर अमुक, सिस्टर तमुक. दूरदर्शन नाही, पोहणं नाही, प्रेमप्रकरण तर नाहीच.

सगळे निर्णय वरून येत असतील तर त्याला स्वावलंबन म्हणता येत नाही. सांगितलेलं चोख करण्याचा सराव असतो तो.

दोन_पायऱ्या

सरळरेघ, जोडी वरून ठरते हे खरं, पण तिच्यात रोजचं कसं निभवायचं ते वरून ठरत नाही. शिकणं तिथेच होतं. साप्ताहिक आखणीच्या शेवटी 'कंपॅनियनशिप इन्व्हेंटरी' नावाचा भाग असतो, तो कसा चालतो ते लिहितो, कारण बाहेर त्याची फारशी माहिती नसते.

आधी प्रार्थना. मग प्रत्येकाने समोरच्याचं या आठवड्यात आवडलेलं एक नेमकं काम सांगायचं. 'तू चांगला आहेस' हे चालत नाही. 'बुधवारी त्या आजींचं बोलणं तू मध्ये न तोडता ऐकलंस', असं हवं. त्यानंतर अडचण मांडायची, तीही वागण्याबद्दल, स्वभावाबद्दल नव्हे. 'तू आळशी आहेस' म्हटलं की भांडण. 'सकाळी आपण तीन दिवस वीस मिनिटं उशिरा निघालो, काय करूया?' म्हटलं की उपाय निघतो. शेवटी दोघांनी पुढच्या आठवड्यासाठी एकेक गोष्ट कबूल करायची आणि ती लिहायची.

हे फसतं ते दोन कारणांनी. एक, भांडण तापलेलं असताना इन्व्हेंटरी घेतात. दोन, आखणीत वेळ संपला म्हणून शेवटच्या पाच मिनिटांत उरकतात आणि 'सगळं ठीक आहे' म्हणून उठतात. साचलेलं मग सहाव्या आठवड्यात बाहेर पडतं. वीस मिनिटं राखून ठेवली तर बहुतेक कटकटी तिथेच मिटतात.

वाफ बाहेर पडायला 'एक्स्चेंज' असते. लीडर एका दिवसापुरते जोडीदार बदलतात आणि मुलाला जोडीबाहेरच्या माणसाशी बोलायला मिळतं. ती कामाच्या गर्दीत टाळणारा लीडर सर्वांत मोठं नुकसान करतो. शिवाय मिशन प्रेसिडेंटला दर आठवड्याला थेट लिहायची सोय आहे. ते पत्र डिस्ट्रिक्ट लीडरच्या हातून जात नाही.

गोदाकाठ

मुद्दा आकड्यांचा आहे आणि तो अजून कोणी काढला नाही. इतक्या जणांनी आठवडा-आठवडा काम केलं की हिशेब येतोच: नवे किती भेटले, रविवारी सभेला किती आले, बाप्तिस्म्याची, म्हणजे पाण्यात बुडवून चर्चमध्ये घेण्याच्या विधीची, तारीख किती जणांनी घेतली. हिशेब ठेवला की त्याचंच लक्ष्य होतं.

याचं जुनं उदाहरण खुद्द या चर्चच्या इतिहासात नोंदलेलं आहे. १९६० च्या आसपास ब्रिटनमध्ये मिशनरी पोरांना बेसबॉल खेळायला जमवत आणि संघात यायचं तर बाप्तिस्मा, असा प्रकार काही ठिकाणी चालला. कागदावर संख्या फुगली. पोरांना चर्चशी काही घेणंदेणं नव्हतं, घरच्यांना धड कल्पना नव्हती. नंतर ती नावं निस्तरताना स्थानिक मंडळींच्या नाकी नऊ आले. ती मिशनरी मुलं वाईट नव्हती. मोजलं जात होतं ते पाण्यात उतरणं, सहा महिन्यांनी कोण टिकलं हे कोणी विचारत नव्हतं. वीस वर्षांच्या मुलाला तुम्ही जे मोजाल तेच तो आणून देईल.

तांबडं_फुटलं

गोदाकाठ यांचा मुद्दा वजनदार आहे. पण त्यानंतर जी कुंपणं घातली गेली तीही नोंदवायला हवीत. शिकवणाऱ्याने स्वतः मुलाखत घेऊन बाप्तिस्मा उरकायचा नाही, मुलाखत दुसराच घेतो, बहुधा डिस्ट्रिक्ट लीडर. अल्पवयीनाला पालकांची परवानगी लागते. विवाहित असेल तर नवऱ्याची किंवा बायकोची संमती बघितली जाते. त्याआधी माणसाने रविवारच्या सभेला येऊन पाहिलेलं असावं लागतं, दारू, तंबाखू, चहा, कॉफी सोडायची तयारी हवी आणि उत्पन्नाचा दहावा हिस्सा द्यावा लागतो हे स्पष्ट सांगितलेलं असावं लागतं. एवढं ऐकून 'हो' म्हणणारा माणूस खेळाच्या मोहाने आलेला नसतो.

गोदाकाठ

कुंपण आहे, मान्य. पण मुलाखत घेणारा डिस्ट्रिक्ट लीडरही त्याच आकड्यांना बांधलेला आहे. नाही म्हणण्याचं बळ त्याच्यात यावं कुठून? वर्षभराने किती जण येतात याचा हिशेब त्याच मिशनरीला दाखवला पाहिजे. पण तोवर तो दुसऱ्या गावात किंवा घरी परतलेला असतो.

सह्याद्रीवारा

इकडचाही विचार करा. मॉर्मन मिशनरी महाराष्ट्राला नवे नाहीत. ह्यू फिंडले नावाचे गृहस्थ १८५२ मध्ये मुंबईत उतरले आणि पुण्यातही राहून प्रचार करत होते. त्या काळी पगार, निधी काही नसे, लोकांच्या दयेवर राहायचं.

आज भारतातलं काम अमेरिकेपेक्षा फार वेगळं आहे. कलम २५ धर्माचा प्रचार करू देतं, पण १९७७ च्या स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क त्यात येत नाही. अनेक राज्यांचे स्वतंत्र कायदे आहेत. परदेशी माणसाला प्रचार करायचा तर पर्यटक व्हिसा चालत नाही, मिशनरी व्हिसाच लागतो. म्हणून इथे दारोदार हिंडणं नसतं. ओळखीतून बोलावणं आलं तरच भेट. मिशनरीही मुख्यतः भारतीयच असतात.

आणि चहा! आपल्याकडे पाहुण्याने चहाला नाही म्हणणं यजमानाला लागतं. 'आमच्या धर्मात चालत नाही' असं दारातच म्हटलं की बैठक मोडते. आधीच 'काकू, पाणी द्या, फार तहान लागलीय' म्हणावं, किंवा सरबत मागून घ्यावं. गवती चहा-आल्याचा काढा चालतो, त्यात चहापत्ती नसली म्हणजे झालं. बाहेरून आलेल्या मुलाला हे कोणी पहिल्या दिवशी सांगितलं नाही, तर तो महिनाभर घराघरांत कोरडेपणा पेरत जातो.

तरी माझा विरोध कायम आहे. जिथे धर्मांतर हा इतका नाजूक विषय आहे तिथे अठरा-वीस वर्षांच्या पोराला पाठवणं म्हणजे कायद्याची आणि जमावाची जोखीम त्याच्या अंगावर टाकणं. ही जबाबदारी मोठ्या माणसांनी घ्यावी.

भाषाभगिनी

भाषेबद्दल थोडं. युटातल्या प्रोव्हो शहरातल्या मिशनरी प्रशिक्षण केंद्रात पन्नासहून जास्त भाषा शिकवतात. नवी भाषा असेल तर साधारण सहा ते नऊ आठवडे, त्यातला सुरुवातीचा भाग हल्ली घरूनच ऑनलाइन. इतक्या कमी वेळात मुलं बोलायला लागतात याचं कारण साधं आहे: दुसऱ्या दिवसापासून त्या भाषेत प्रार्थना करायला आणि शिकवायला उभं करतात, व्याकरण पाठोपाठ येतं.

पण याचा एक ठरलेला दोष आहे. 'पश्चात्ताप', 'करार', 'पुनरुत्थान' हे शब्द अस्खलित येतात आणि नळ गळतोय हे घरमालकाला सांगता येत नाही. मुलं मग धर्माच्या वर्तुळाबाहेर बोलायचं टाळतात आणि भाषा तिथेच थिजते. यावर उपाय पी-डेचा. भाजी सुपरमार्केटऐवजी बाजारातून घ्यायची, न्हाव्याशी बोलायचं, लहान मुलांशी खेळायचं कारण ती चूक तोंडावर सुधारतात. रोज ऐकलेले पाच नवे शब्द खिशातल्या वहीत, आणि ते त्याच दिवशी कोणाशी तरी वापरायचे. दोघं एकाच मातृभाषेचे असतील तर खोलीत शिरताच इंग्रजी सुरू होते. तिथे जोडीनेच ठरवावं लागतं की जेवणापर्यंत नाही.

माझ्या मते मिशनमधून मुलं आणतात त्यात सर्वांत टिकाऊ हीच गोष्ट. मी उंबरठा यांच्या बाजूने.

सरळरेघ

पैशांचंही लिहूया. १९९१ च्या आधी मुलगा जिथे जाईल तिथला खर्च घरच्यांवर पडायचा. तो महागड्या शहरात गेला की आईबाप कर्जात. मग अमेरिकन कुटुंबांना सारखी रक्कम ठरवून दिली. ही सुधारणा उत्तम, शंका नाही. जुलै २०२० पासून ती दरमहा ५०० डॉलर आहे, आधी ४०० होती. २४ महिन्यांचे १२ हजार डॉलर झाले. पगार शून्य, आणि त्या काळात शिक्षण थांबलेलं.

हे स्वेच्छेने असतं म्हणतात. पण १९७४ मध्ये चर्चचे तेव्हाचे अध्यक्ष स्पेन्सर किंबॉल यांनी प्रत्येक पात्र तरुणाने मिशनवर जावं असं सांगितलं आणि तेव्हापासून मुलांसाठी ते कर्तव्यच मानलं जातं. मुलींवर तसं बंधन नाही. ज्या गल्लीत सगळे जातात तिथे न जाणाऱ्याची इच्छा किती मोकळी?

दोन_पायऱ्या

दबाव आहे, नाकारत नाही. पण गेल्या काही वर्षांत बदल झाले ते बघा. २०१९ च्या फेब्रुवारीपर्यंत घरी फोन वर्षातून दोनदा, नाताळला आणि मातृदिनाला. आता दर आठवड्याला व्हिडिओवर बोलता येतं. २०१८ च्या अखेरीस मुलींना पँट घालायची मुभा मिळाली. सायकलवर आणि थंडीत काम करणाऱ्यांना ती किती गरजेची होती ते त्यांनाच विचारा. प्रकृतीमुळे बाहेरगावी जाणं जमत नसेल तर घरी राहून सेवाकार्याचं मिशन करता येतं.

सुरक्षिततेचे नियमही उगाच नाहीत. सायकलला हेल्मेट सक्तीचं. चारचाकी मागे घेताना जोडीदाराने उतरून मागे उभं राहून दिशा द्यायची, रिकाम्या पटांगणातही. नव्या चालकांचे बरेच ठोके गाडी मागे घेतानाच बसतात.

निरांजन

मानसिक आरोग्याचा विषय राहिलाच, आणि मला तोच सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. चर्चने २०१३ मध्ये मिशनरींसाठी एक पुस्तिका काढली, त्यात ताणाच्या चार पायऱ्या रंगांनी दाखवल्या आहेत: हिरवा, पिवळा, नारिंगी, लाल. पिवळ्यात असताना झोप, व्यायाम, जोडीदाराशी बोलणं एवढ्यावर भागतं. नारिंगीत वरिष्ठांची मदत घ्यायची. लालमध्ये स्वतःहून सावरायची वाट बघायची नाही. गडबड होते ती पिवळ्या-नारिंगीच्या सीमेवर. मुलं 'अजून जास्त प्रार्थना केली, अजून तासभर जास्त चाललो की बरं वाटेल' असं धरून चालतात. झोप कमी होते, काम वाढतं आणि दोन आठवड्यांत लाल रंग येतो.

दुसरी चूक निघण्याआधी होते. अर्जाबरोबर डॉक्टर आणि दंतवैद्याची तपासणी जोडावी लागते. नैराश्याची किंवा चिंतेची गोळी चालू असेल तर 'नाव कापतील' या भीतीने काही घरं ती लपवतात, कधी मुलगा परस्पर बंदच करतो. परक्या देशात, परक्या भाषेत, नव्या जोडीदारासमोर तो त्रास उफाळून येतो, आणि मिशनच्या डॉक्टरकडे मागची नोंदच नसते. गोळी लिहून द्या, मात्रा लिहा, ती त्या देशात कोणत्या नावाने मिळते ते आधी शोधा.

आणि उंबरठा, तुमच्या व्यवस्थेत मध्येच परतणाऱ्याला जागा कुठे आहे? २४ महिने पूर्ण करणाऱ्याचं मंडळीत स्वागत होतं, त्याला बोलायला उभं करतात. आठव्या महिन्यात परतलेल्याला पहिला प्रश्न 'का?' असाच येतो.

उंबरठा

निरांजन, तो प्रश्न योग्य आहे आणि त्याचं उत्तर मिशनमध्ये नसून घरच्या वॉर्डात, म्हणजे चर्चच्या स्थानिक मंडळीत आहे. तिचे प्रमुख असलेले बिशप आणि आईवडील यांनी निघण्याआधीच ठरवावं: तू परत आलास तर पहिल्या रविवारी सभेत कोण शेजारी बसेल, कॉलेजचा प्रवेश कधीपर्यंत राखून ठेवता येतो, समुपदेशकाची वेळ कोण घेईल. हे लिहून मुलाच्या हातात दिलं तर जोडी, आखणी, भाषा या सगळ्याचा त्याला उपयोग होतो, कारण अडकल्याची भावना राहत नाही.

वयाबाबत मात्र सह्याद्रीवारा आणि सरळरेघ यांच्याशी माझं जमत नाही. याच वयात मुलं सैन्यात जातात, परदेशी शिकायला जातात.

सरळरेघ

सैन्यात पगार असतो आणि परदेशी शिकणारा रविवारी दार लावून एकटा बसू शकतो. रोज एक तास एकांत द्या, जोडीदार शेजारच्या खोलीत असला तरी चालेल. ही एक मागणी मान्य झाली तर माझा निम्मा विरोध संपेल.