गंगाफळ की पम्पकिन? स्टारड्यू व्हॅलीच्या मराठी विकीवर नावांचा घोळ

तापीकाठ (फैजपूर)

नमस्कार मंडळी. आम्ही चौघं मिळून स्टारड्यू व्हॅली या शेतीच्या व्हिडिओ गेमची मराठी विकी लिहितोय. खेळात मराठी नाही, निदान माहिती तरी मराठीत असावी, एवढाच हेतू. शंभरेक पानं होईपर्यंत ज्याला जे नाव सुचलं ते त्यानं दिलं. आता निस्तरायला बसलोय.

पहिलं भांडण पम्पकिनचं. पुण्याचा मित्र म्हणतो लाल भोपळा. आमच्या घरी गंगाफळ. त्यानं त्याचं पान केलं, मी माझं. त्याच्या पानावर पीक यायला 12 दिवस, माझ्या पानावर 13. (13 बरोबर आहे, मी मोजलेत.) तिसऱ्यानं डांगर सुचवलं, तर कोल्हापूरची ताई हसायला लागली, तिच्याकडे डांगर म्हणजे पापडाचं भिजवलेलं पीठ.

मग ऋतू. खेळात 28 दिवसांचे चार. फॉलला कोणी शरद लिहिलंय, कोणी पानगळ, आणि एका बहाद्दरानं चक्क रब्बी.

एगप्लांट पार्मेजान नावाची पाककृती आहे, एक वांगं आणि एक टोमॅटो. कोणीतरी त्या पानाचं नाव बदलून 'वांग्याचं भरीत' करून टाकलं. खाली हिरव्या मिरच्या आणि शेंगदाणे घालायची सूचनाही आहे. वाचून भूक लागते हे खरं, पण खेळात ते शिजणार कसं?

नावं ठरवायचा काही नियम सांगा.

ठिबकवाला (जळगाव)

काय भो, सोपं आहे. खेळणाऱ्यासमोर पडद्यावर काय दिसतं? पम्पकिन. तो शोधणार काय? पम्पकिन. मग शीर्षक पम्पकिनच ठेवा आणि पहिल्याच ओळीत 'म्हणजे गंगाफळ, लाल भोपळा' लिहा.

फक्त स्प्रिंकलरला तुषार म्हणा, ते आपल्या शेतात रोजचं आहे. साधा तुषार 4 चौकोन भिजवतो, क्वालिटी 8, इरिडियम 24. ठिबक मात्र खेळात नाहीच. जळगावकरानं हे सहन कसं करायचं, त्याचाही नियम करा.

गिरणाकाठची (चाळीसगाव)

ठिबकवाला भाऊ, पम्पकिन, एगप्लांट, कॉर्न असंच लिहायचं तर ती देवनागरीतली इंग्रजी विकी झाली. आणि एकाच दमात स्प्रिंकलरचा तुषारही केलात!

मी अशी विभागणी करीन. माणसांची, गावांची, दुकानांची नावं उच्चाराप्रमाणे: लुईस, रॉबिन, क्लिंट. आपल्याकडे पिकतं त्याला मराठी नाव: वांगं, मका, बटाटा. पार्सनिप आपल्याकडे कोणी लावत नाही, त्याला 'पांढरं गाजर' असली टोपी घालू नका, पार्सनिपच राहू द्या. पदार्थाचं नाव खेळातलंच.

भोपळ्याचं म्हणाल तर शीर्षक लाल भोपळा ठेवा. राग मानू नका तापीकाठ, मीही गंगाफळच म्हणते, पण नागपूर-सांगलीच्या वाचकाला लाल भोपळा लवकर कळेल. गंगाफळ, डांगर, पम्पकिन अशी तिन्ही नावं पुनर्निर्देशनानं (रीडायरेक्टनं) तिथंच आणून सोडा. ज्याला जे सुचेल ते त्यानं टाइप करावं. ऋतूंसाठी वसंत, उन्हाळा, शरद, हिवाळा. रब्बी काढा, तो हंगाम आहे, ऋतू नाही.

बुधवार_बंद (भुसावळ)

नावाआधी एक गोष्ट तपासा. खेळातल्या ॲबिगेल या पात्राची तुमच्याकडे दोन पानं आहेत, पाहिलंत का? दिसायला दोन्ही सारखीच. पण एका पानावर ॲ हे एकच अक्षर आहे, दुसऱ्यावर साधा अ आणि त्यावर वेगळी चंद्रकोर. डोळ्यांना फरक नाही, संगणकाला आहे. म्हणून एका पानावर तिच्या आवडत्या भेटींत लाल भोपळा आहे आणि दुसऱ्यावर नुसताच ॲमेथिस्ट हा जांभळा खडा. दोन्ही तिला फार आवडतात, यादी एकत्र करा. नियमात एकच अक्षर असलेला ॲ लिहा आणि दुसऱ्या रूपाचं पुनर्निर्देशन करा. ॲमेथिस्टच्या पानाचंही बघा, तिथंही हीच गत असणार.

आणि पिएर, पिअर, प्येर यांतलं एक काहीतरी ठरवा. बुधवारी त्याचं दुकान बंद असतं, ही ओळ तीन पानांवर तीन स्पेलिंगांनी आहे. कम्युनिटी सेंटर पूर्ण झालं की बुधवारीही उघडतं, ते मात्र एकाही पानावर नाही.

तापीकाठ (फैजपूर)

ॲबिगेलचं खरंच लक्षात आलं नव्हतं. फोनवरून एक पान झालं, लॅपटॉपवरून दुसरं. आज एकत्र केलं. पिएर कायम, बुधवारची ओळही नीट केली.

गिरणाकाठची ताई, तुमची विभागणी घेतली. लाल भोपळ्यावर मी हरलो, पण गंगाफळ पहिल्या ओळीत ठळक अक्षरात राहील, यावर मागे हटणार नाही.

केळीचा प्रश्न आता उरलाय. खेळात केळीचं झाड 28 दिवसांत मोठं होतं आणि हंगामभर रोज एक फळ देतं. त्या पानावर कोणीतरी चार परिच्छेद लिहिलेत: केळीला घड एकदाच येतो, मग पील (बुंध्याजवळचा कोंब) धरावं लागतं, मृगबाग वेगळी, कांदेबाग वेगळी. शब्दन्‌शब्द खरा आहे. इतिहास उघडून पाहिलं तर खातं आमच्या वडिलांचं निघालं. आता ते काढायचं कोणी?

ठिबकवाला (जळगाव)

चर्चापानावर हलव भो. काढू मात्र नको, घरी जेवायचंय ना तुला.