गेममध्ये वाईट वागून पाहिलंत का? नाशिककरांनो, अनुभव लिहा

आरपीजीत, म्हणजे पात्र होऊन आपले निर्णय आपणच घ्यायच्या गेममध्ये, दुष्टपणा करायची मुभा असते, पण करतं कोण? मास इफेक्ट या गेममालिकेवर काम केलेल्या एका डिझायनरने २०२० मध्ये सांगितलं होतं की साधारण ९२ टक्के लोक सज्जन वाटेनेच गेले. माझं मत आधीच टाकतो: तो चांगल्या-वाईटाचा मीटर कुणाला टोचत नाही, गेममधली सोबतची पात्रं टोचतात. स्पॉइलर असणारच, नंतर ओरडू नका.

पंचवटीकर
बाल्डर्स गेट ३. शत्रूपक्षातली मिन्थारा टीममध्ये हवी म्हणून गॉब्लिनांना घेऊन ग्रोव्हवर, म्हणजे निर्वासितांच्या आसऱ्यावर, चालून गेलो. टीममधले कारलाख आणि विल, दोघांनी साथ सोडली. इथवर ठीक. पण दुसऱ्या अंकात लास्ट लाइट इनमध्ये त्या ग्रोव्हमधली जी टिफ्लिंग (शिंगवाली) मंडळी भेटायची, ती नाहीतच, त्यांची कामंही नाहीत. लोक मारले, बदल्यात अर्धा गेम ओसाड.

नाशिकरोड, वय विचारू नये
फॉलआउट ३ मायक्रोसॉफ्टने २००८ मध्ये ‘सांस्कृतिक संवेदनशीलता’ म्हणत भारतात आणलाच नाही. मला कुठून मिळाला ते सोडा. त्यातल्या मेगाटन गावातला अणुबॉम्ब उडवला. आख्खं गाव गेलं. दुकानदारीण मोइरा तेवढी वाचली, घूल (किरणोत्साराने सडलेला जीव) होऊन, आणि तरी माझ्याशी गोडच बोलते! अहो बाई, एक शिवी तरी द्या.

सिडको
कोटॉर २ (स्टार वॉर्सचा गेम, नाइट्स ऑफ द ओल्ड रिपब्लिक) मधली सोबतची म्हातारी क्रेया. नार शद्दा या ठिकाणी भिकाऱ्याला पैसे दिले, तर म्हातारी दाखवते की पुढे दुसऱ्याने त्याला मारून ते लुटले. सेव्ह लोड केला, त्याला हाकललं. आता तोच दुसऱ्या कुणाला लुटतो. बोलणी दोन्ही वेळा मलाच. रामकुंडावर सुट्टे काढताना ही बया हटकून आठवते. देतो मात्र.

गंगापूर रोडची ताई
बाल्डर्स गेट ३ मधल्या ॲस्टेरियनवर, त्या सोबतच्या व्हॅम्पायरवर, कुणीच कसं लिहिलं नाही? एका विधीत सात हजार जिवांचा बळी दिला की त्याला कायमचं उन्हात फिरता येणार. मी नको म्हटलं. आधी चिडला, मग ढसाढसा रडला. शेवटी त्याला उन्हापासून वाचवणारा डोक्यातला किडा मेला आणि उन्हाने कातडी भाजायला लागली, तसा धक्क्यावरून पळत सुटला बिचारा. मागे उभी आई म्हणे, “अगं, सावलीत तरी ने त्याला!” दादाने त्याच्या गेममध्ये तो विधी होऊ दिला. आता साहेब दादाच्या पात्राशी मालकासारखे बोलतात, आणि दादाचं त्याच्याशी जमलेलं होतं म्हणे.

अंबड
पहिल्या कोटॉरमध्ये सोबतच्या झालबारला हुकूम देऊन त्याच्या जिवाभावाच्या मैत्रिणीला, मिशन नावाच्या मुलीलाच, मारायला लावता येतं. लावलं. नंतर टीममधल्या खुनशी रोबोचे, एचके-४७ चे, जोक ऐकवेनात.

पंचवटीकर
अंबड, तू माणूस आहेस का रे?

अंबड
ग्रोव्ह जाळणाऱ्याने विचारू नये. टिरनी हा गेम कुणी खेळलंय का? त्यात म्हणे दुष्टांचं राज्य आधीच आलेलं असतं आणि आपण त्यांचेच नोकर. सेलमध्ये दिसला तर सांगा.